काळ्याच्या खाली

तन्मेषने घड्याळ टेबलावर ठेवलं,
पट्टा नाही, काच काढलेली.
"मावशी, तुम्ही बावीस नंबरच्या रस्त्याला होतात ना,
डायल खात्यात? जरा बघा,
ही अक्षरं मूळची, की कोणी मागाहून छापली?
गिऱ्हाईक अडून बसलंय. दुपटीचा फरक पडतो."

मी म्हटलं, आधी पंखा बंद कर.

भिंग डोळ्याला लावलं.
इतक्या वर्षांनीही भुवईने ते बरोबर धरलं.

लोकांना वाटतं, काळ्यावर अक्षरं छापतात.
आम्ही काळ्यावर काहीच छापलं नाही.
आमच्याकडे काळं मागून यायचं.

आधी पितळेची चकती, घासून आरसा केलेली,
कडेने धरायची, पोटाला बोट लावायचं नाही.
मग पोलादी पाटी, तिच्यात कोरलेली अक्षरं,
त्या चरांत बिनरंगाचं लॅकर,
वरून जिलेटिनचा गोळा,
खरवसासारखा लिबलिबीत,
थंडीत हट्टी, मे महिन्यात रडका.
त्याने अक्षरं उचलायची
आणि पितळेवर नेऊन ठेवायची.
दिसायचं काही नाही.
तिरकं धरलं तर ओलसर एक रेघ,
गोगलगाय गेल्यासारखी.

दिवसाला तीनशे चकत्या
मी अशा न दिसणाऱ्या लिहिल्या.

तिथून त्या फिलोमिनाच्या हौदात,
तारेला टांगून, वीज सोडून.
काळं चढायचं. सगळीकडे चढायचं,
लॅकर होतं तेवढं सोडून.
(तिची नखंही सुटली नाहीत.
लग्नात पांढऱ्या हातमोज्यांत लपवली होती.)
शेवटी थिनर, कापसाचा एक हात,
आणि माझं लिहिणं धुऊन जायचं.
गेलं तिथून पितळ वर बघायचं.

म्हणजे हे सोनेरी जे दिसतंय ना,
ते कोणी लिहिलेलं नाही.
ते काळं व्हायचं राहिलंय.

हे एकदा घरी सांगितलं होतं, जेवताना.
हे म्हणाले, मग तुला पगार कशाचा देतात?
मी म्हटलं, आमटी वाढू?

पुढे पांढरी शाई आली.
काळा रंग मारायचा, वर ठप्पा, झालं.
अक्षरं नखाला लागायची.
कोरगावकर साहेब म्हणाले,
गिऱ्हाईक थोडंच नख फिरवतंय, काच असते वर.
पाट्या भंगारात गेल्या, किलोवर.
हौद उपसला तेव्हा तळाशी
सतरा चकत्या निघाल्या, तारेवरून निसटलेल्या.
त्यांचं काय केलं ते मला कळलं नाही.

"मावशी?"

थांब रे.
अक्षरं खोल आहेत.
भोवती काळ्याचा काठ, विहिरीला असतो तसा,
आणि तळाला पितळ.
सहाच्या खाली, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक: ठाणे.
ठ-चा गोल मिटलेला नाही.
सात नंबरच्या पाटीला तिथे चीर होती.
मी दोनदा कळवलं, पाटी काही बदलली नाही.

आणि नऊजवळ एक सोनेरी ठिपका.
तो असायला नको.
लॅकरचा शिंतोडा, हात हलला असणार कोणाचा तरी.
चेकिंगच्या टेबलावरून ही चकती परत यायला हवी होती.
आली नाही.
पगाराचा दिवस असेल, किंवा तिथे बसलेलीला
तो ठिपका दिसला असेल आणि आवडला असेल.

"मूळची आहेत," मी म्हटलं.
"नक्की?"
"सात नंबरची पाटी. माझं टेबल."

तो एवढासा हसला, मग म्हणाला,
"लिहून द्याल?"
औषधांच्या बिलाची पाठकोरी बाजू पुढे केली,
बॉलपेन स्वतःचंच दिलं.

लिहिलं: अक्षरं मूळची आहेत.
खाली नाव, तारीख, किसननगर, ठाणे.
कागद उलटा करून बोट फिरवलं.
दाबून लिहायची सवय नव्हती मला,
तरी उठलं होतं सगळं.

"आता लावू पंखा?"
म्हटलं, काच बसव आधी.